साडेसहाशे की साडेसातशे?

महाराष्ट्राला या घटकेला किती वीज लागते आहे आणि ती कुठून आणायची, याचा हिशेब जिथे चोवीस तास चालतो ते राज्य भार प्रेषण केंद्र आमच्या कळव्यात आहे. पत्ता नीट वाचणारे ते ऐरोलीत आहे असं म्हणतील. म्हणू देत. वीज खात्यातली माणसं त्याला कळवाच म्हणतात, आणि आमच्याकडे अभिमान बाळगायच्या जागा आधीच मोजक्या; त्यातली एक पिन कोडापायी ऐरोलीला देऊन टाकण्याइतके आम्ही उदार नाही. उन्हाळ्यात राज्याची मागणी २५ हजार मेगावॅटच्या पुढे जाते, तेव्हा तिथली माणसं पडद्यांसमोर बसून कोयनेला वाढवा, अमक्या संचाला उतरवा, असं करत फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास धरून ठेवतात. अख्ख्या राज्याला किती पुरेल याचं वेळापत्रक दर पंधरा मिनिटांचं असतं.

तिथून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर, मनीषा नगरात, माझ्या ताईच्या घरी एका कॉम्प्युटरला किती वॅट पुरतील, हे गणपतीत निघालेलं प्रकरण दिवाळीचा फराळ संपला तरी मिटत नव्हतं.

कॉम्प्युटर भाच्यासाठी घ्यायचा होता. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला 'रेंडरिंग' करावं लागतं. रेंडरिंग चालू असताना खोलीतून गोळीबार का ऐकू येतो, आणि हा मध्येच 'मागे बघ, मागे बघ' म्हणून कुणावर ओरडतो, हे ताई विचारत नाही. मुलगा घरात आहे, दार उघडं आहे, जेवायला हाक मारली की तिसऱ्या हाकेला येतो. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवणाऱ्या आया आता राहिलेल्या नाहीत.

त्याने सामानाची यादी केली. सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ४०७० सुपर. त्याच्या समर्थनार्थ दोन परिच्छेद. मग प्रोसेसर, रायझन ७, एक परिच्छेद. मग काचेचं कॅबिनेट, कारण आतलं दिसलं पाहिजे. मग आत काहीतरी दिसावं म्हणून रंग बदलणारे पंखे आणि रंग बदलणारी रॅम. आणि अगदी तळाशी, या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा : 'एसएमपीएस – बघू.'

या 'बघू'त आपला सगळा खरेदीचा स्वभाव आहे. जे चारचौघांना दाखवता येतं त्यावर आपण अभ्यास करतो, आणि ज्याच्या जिवावर ते चालतं त्याला उरलेल्या पैशांत बसवतो. हल्लीच्या काचेच्या कॅबिनेटमध्ये तर एसएमपीएसवर पत्र्याचं झाकण असतं. बाकी सगळ्यांना शोकेस, आणि सगळ्यांना पोसणारा तेवढा पडद्याआड.

भावोजींनी यादी वाचली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कॅबिनेटबरोबर फुकट येतो ना?"

त्यांचंही चूक नाही. एके काळी यायचा. लॅमिंग्टन रोडवरून कॅबिनेट आणलं की त्यात एसएमपीएस बसवलेलाच असायचा, वर पॉवर कॉर्डही मिळायची. ताईकडे तसा एक माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरात होता. पुरावा म्हणून कॉम्प्युटर खाली आणून तो बाहेर काढण्यात आला. त्यात झुरळांच्या काही पिढ्या सुखाने नांदून गेल्याच्या खुणा होत्या, पण लेबल शाबूत होतं, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत ४५० वॅट. "हे बघ," भावोजी म्हणाले, "साडेचारशे तर घरातच आहेत. वर दोनशेचा आणखी एक जोडता येत नाही का?"

इथे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना बोलवावं लागलं. काकांचं आयुष्य वीज मंडळात गेलं. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी वाटणी झाली, पण काकांनी ती मनावर घेतलेली नाही. ते अजून 'बोर्डात'च आहेत. काका आले, त्यांनी लेबल वाचायच्या आधी डबा नुसता तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "हलका आहे."

ही परीक्षा जुन्या बाजारातली आहे आणि अगदीच अडाणी नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये तांब्याच्या गुंडाळ्या असतात, फेराइटचे गाभे असतात, बोटाएवढे जाड कपॅसिटर असतात, उष्णता ओढून घ्यायला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. त्यातलं काय काय गाळलंय ते हाताला कळतं. मग काकांनी चष्मा कपाळावर चढवून ठसठशीत अक्षरांच्या खालचा बारीक तक्ता वाचला. ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, असे रकाने. आजच्या कॉम्प्युटरचं कार्ड आणि प्रोसेसर, दोघेही जगतात ते १२ व्होल्टवर. त्या रकान्यात लिहिलं होतं १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे कामाचे १९२ वॅट, काही ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यात, जिथे आता फारसं कुणाचं काम नसतं. आणि राहिलेले छपाईखात्याने दिलेले.

काकांनी बेरीज मांडायला कागद मागितला. घरात सर्वांत चांगला कोरा कागद लग्नपत्रिकेच्या मागे असतो, तो मिळाला. कार्ड २२० वॅट. प्रोसेसर १२० असं खोक्यावर लिहिलेलं, पण भाच्याने प्रामाणिकपणे सांगितलं की जोर लावला की तो १६२ पर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ७५-८०. एकूण ४६० च्या आसपास. कार्ड बनवणारी एनव्हिडियासुद्धा या कार्डाला ६५० चा सप्लाय घ्या असंच सांगते.

"४६० लागतात," भावोजी म्हणाले, "मग ५०० चा घेऊ. वरचे दीडशे कशाला पोसायचे?"

मी पत्रिका उलटी करून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांच्याच पुतणीचं लग्न, खारेगावच्या हॉलमध्ये, जेवणाचं खातं यांच्याकडे. आमंत्रणं ३००, यांनी आचाऱ्याला ३५० पानं सांगितली होती आणि वर बजावलं होतं की जिलबीचं पीठ जास्त भिजवा. का? कारण ३०० माणसं ही सरासरी. डोंबिवलीहून येणारं सगळं वऱ्हाड एकाच लोकलने उतरतं, तासभर रिकाम्या असलेल्या पंगतीत एकदम दोनशे माणसं बसतात, आणि पहिल्या वाढपातच सगळ्यांना जिलबी हवी असते. ग्राफिक्स कार्डाचं हेच आहे. ते २२० वॅट घेतं ही सरासरी. खेळात, म्हणजे रेंडरिंगमध्ये, एकदम काही घडलं की मिलिसेकंदाच्या आत ते त्याहून बरंच जास्त ओढतं आणि पुन्हा शहाण्यासारखं बसतं. तेवढ्यात काठावरचा सप्लाय असेल तर त्यातलं संरक्षण समजतं की कुठेतरी शॉर्ट झालं, आणि सगळं बंद करतं. ना धूर, ना वास, ना संदेश. पडदा काळा. मग घरातले लोक व्हायरस शोधतात, विंडोज पुन्हा टाकतात, आणि दृष्ट काढणारेही काढत असतील. २०२२ साली एटीएक्स ३.० नावाचा नवा नियम आला, त्यात मोठ्या सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भारसुद्धा १०० मायक्रोसेकंद सोसून दाखवला पाहिजे, अशी अट घातली आहे. त्या लोकांनाही कुठल्या तरी लग्नात जिलबी कमी पडली असणार.

भावोजी पत्रिकेपुढे गप्प झाले. पण काकांना आता स्फुरण चढलं होतं. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची एसी घेऊन तिची १२ व्होल्टची डीसी करणारा डबा, एवढं सांगायला निघालेले काका मध्य रेल्वेत शिरले. रेल्वेची पहिली विजेची गाडी १९२५ साली धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. त्या गाड्यांसाठी आपल्या ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस उभं राहिलं. आणि ती डीसी काढून मेन लाईन पूर्ण २५ हजार व्होल्ट एसीवर यायला २०१५ उजाडलं. "त्यांना सप्लाय बदलायला नव्वद वर्षं लागली," काका म्हणाले, "तुम्ही दिवाळीनंतर घेतलात तरी चालेल."

मग आला १२ ऑक्टोबर २०२०. काकांकडे गेलं की तो येतोच. त्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं एकदम गेलं. लोकल होत्या तिथे उभ्या राहिल्या, परीक्षा पुढे ढकलल्या, आणि मुंबईकरांनी आयुष्यात पहिल्यांदा 'कळवा-पडघे ४०० केव्ही' हे शब्द उच्चारले. सरकारने त्याच दिवशी सांगितलं ते असं : एका सर्किटवर देखभालीचं काम चालू होतं, म्हणून भार दुसऱ्यावर टाकला होता, आणि नेमका त्या दुसऱ्यात बिघाड झाला. काकांनी हे सांगताना आवाज खाली आणला, घरच्या माणसाचं दुखणं सांगताना आणतात तसा. "पुढे चौकश्या झाल्या, पण मला विचाराल तर गोष्ट एवढीच. रोजच्याला पुरतं म्हणून काठावर राहायचं नसतं," ते म्हणाले. "६५० घ्या."

"आणि बिल?" ताईने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

६५० वॅटचा सप्लाय लावला की दिवसरात्र ६५० वॅट वीज जळते, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिला विरोध करणारा माणूस वीज कंपनीचा हस्तक वाटतो. ताईचा हिशेब सरळ होता : इस्त्री हजार वॅटची, ती आपण आठवड्यातून एकदा लावतो, हा ६५० चा डबा रोज पाच-सहा तास चालणार. काकांनी समजावलं की ६५० ही ऐपत आहे, खर्च नाही. कॉम्प्युटरला ४०० लागले तर तो ४०० देईल, आणि भिंतीतून त्यापेक्षा थोडे जास्त घेईल. हे 'थोडे जास्त' किती, त्यावरून सप्लायला पदकं देतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या '८० प्लस' या योजनेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम असे वर्ग आहेत. अर्ध्या भाराला ब्राँझ ८५ टक्के वीज कामाला लावतो, गोल्ड ९०; बाकीची उष्णता होऊन खोलीत येते, आणि ऑक्टोबरच्या कळव्यात तिची कुणालाच गरज नसते.

'गोल्ड' ऐकून ताई सावरून बसली. तिच्या मनात त्या आठवड्याचा तोळ्याचा भाव येऊन गेला असावा. मी बेरीज केली : ४०० वॅटला गोल्ड भिंतीतून ४४४ घेतो, ब्राँझ ४७०. फरक २६ वॅटचा. रोज चार तास धरले तर महिन्याला तीन युनिट, म्हणजे फार तर दोन वडापाव. "दोन वडापावांसाठी दोन हजार जास्त?" भावोजी म्हणाले, आणि हिशेबात ते बरोबर होते. गोल्डमध्ये माल सहसा बरा घातलेला असतो, हे खरं कारण. पण ते टक्क्यांत सांगता येत नाही, आणि जे टक्क्यांत सांगता येत नाही ते भावोजी ऐकत नाहीत.

इथवर सगळी चर्चा डब्याच्या आतली होती. भिंतीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. माळ्यावरचा कॉम्प्युटर आणलाच आहे तर लावून बघू, म्हणून भाच्याने एसएमपीएस परत बसवून तो एक्स्टेन्शन बोर्डात लावला. त्याच बोर्डावर राउटर, सेट टॉप बॉक्स, दोन चार्जर आणि देवघरातली दिव्यांची माळ होती. पंखा घरघरला. काकांनी उलट्या हाताचं बोट कॅबिनेटच्या पत्र्यावरून अलगद फिरवलं आणि ताईला विचारलं, "मुंग्या येतात का?"

"येतात की. पूर्वीही यायच्या. कॉम्प्युटर आहे ना."

काकांनी खिशातून टेस्टर काढला. हा माणूस झोपतानाही टेस्टर काढून ठेवत नसावा. पत्र्याला लावला, आतला निऑन मंद लाल पेटला. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला; विजेतला कचरा त्यांनी अर्थिंगमध्ये सोडावा अशी योजना. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटचा पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, लोंबकळत राहतो. प्रवाह अगदी कमी, म्हणून मुंग्यांवर भागतं. पण आत खरंच काही तुटून पत्र्याला लागलं तर ती वीज वाहून न्यायला वाट नसते, आणि मग ती वाट माणसातून निघते. काकांनी मेन बंद करून भिंतीतला सॉकेट उघडला. तिसऱ्या पिनेची हिरवी वायर होती. ती मागे नीट गुंडाळून, टोकाला काळी टेप मारून, कशालाही न जोडता ठेवली होती. ज्याने ठेवली त्याच्या हाताला वळण होतं. टेपला एक सुरकुती नव्हती.

हिरवी वायर जोडली गेली, मीटर बोर्डापर्यंत तपासली गेली, आणि कॅबिनेटच्या मुंग्या थांबल्या. ताईला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

राहिला यूपीएस. भावोजींकडे एक होता, ६०० चा, आणि तो त्यांचा हुकमाचा पत्ता होता : कॉम्प्युटर ४६० चा, यूपीएस ६०० चा, वर १४० शिल्लक, पंगत उठली तरी जिलबी उरली. काकांनी यूपीएस उलटा केला. ६०० व्हीए. खाली बारीक अक्षरांत ३६० वॅट. बाजारात व्हीए मोठ्याने बोलतात आणि वॅट हळू. हा यूपीएस नव्या कॉम्प्युटरला लावला असता तर लाइट गेल्यावर त्याने एकदाच 'टूं' केलं असतं आणि दोघंही बरोबरच गेले असते. हॉलमधल्या इन्व्हर्टरवरही भागणार नव्हतं, तो त्याच्या जुन्या पद्धतीने सावकाश बदलतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर वीज गेल्यावरही १६-१७ मिलिसेकंद दम धरून राहतो, आपल्या ५० हर्ट्झच्या एका पूर्ण फेरीहूनही कमी. यूपीएस त्या आत बदलतो. इन्व्हर्टर तेवढ्यात फक्त जागा होत असतो. तेव्हा १००० व्हीएच्या वरचा घ्यावा लागेल, असं निघालं. यादीत 'एसएमपीएस – बघू'च्या खाली भाच्याने आणखी एक ओळ वाढवली : 'यूपीएस – बघू.'

शेवटी आम्ही कळवा स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. पत्रिकेमागची बेरीज भावोजींच्या खिशात होती. ६५० हे घरात एकमताने ठरलं होतं, काकांनी त्यावर सहीसुद्धा केली होती.

"साडेसहाशे गोल्ड आहे?"

"साडेसहाशेचा माल नाय," दुकानदार मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "साडेपाचशे आहे ब्राँझ. नायतर साडेसातशे गोल्ड घेऊन टाका, साडेआठ हजार. फ्यूचरला पण चालंल."

भावोजींनी परत फिरायची तयारी केली. लॅमिंग्टन रोडला जाऊ, दादरला गाडी बदलू, ग्रँट रोडला उतरू, अशी आखणी तोंडाने सुरूही झाली. तेवढ्यात दुकानदाराने खोकं फिरवून त्याची मागची बाजू दाखवली. "दहा वर्षं वॉरंटी."

"किती?"

"दहा."

"फ्रिजला एक वर्ष देतात," भावोजी खोक्याकडे बघत म्हणाले, आणि पाकीट काढलं. बेरीज, जिलबी, कळवा-पडघे, ८० प्लस, कशाचाही ज्यांच्यावर परिणाम झाला नव्हता ते दहा या आकड्यापुढे विरघळले. भाच्याचं कॉलेज, त्याची पहिली नोकरी, कदाचित लग्न, एवढ्या काळात निदान या एका वस्तूवर पुन्हा खर्च नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कॉम्प्युटर जोडून झाला. पंख्यांनी घरात डान्स बारचा उजेड पाडला. काका तारेला चिमटा लावून प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर घेऊन आले. दोन्ही तारा एकत्र चिमट्यात धरल्या तर तो शून्य दाखवतो, म्हणून त्यांनी फेजची तार वेगळी बाहेर काढलेला स्वतःचा खास बोर्ड बरोबर आणला होता. भाच्याने रेंडरिंग सुरू केलं. गोळीबार, धूर, स्फोट. काकांनी चिमटा लावला.

"एक पॉइंट सात अँपिअर," ते म्हणाले. "भिंतीतून ३९० वॅट."

"म्हणजे," भावोजी म्हणाले, "५०० चाही चालला असता."

पुढच्या रविवारी त्यांनी माळ्यावरचा कॉम्प्युटर मोडीत काढायचं ठरवलं. भंगारवाला दारात उकिडवा बसला, स्क्रू ड्रायव्हरने दोन मिनिटांत सगळं सुटं केलं आणि तो एसएमपीएस तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केला.

"हा साडेचारशेचा आहे," भावोजींनी आधीच सांगून ठेवलं.

"असंल," भंगारवाला म्हणाला. "याचे वेगळे पैसे नाय मिळणार साहेब. पत्र्यात धरतो."